ताट, ऊन आणि हाडे

मराठी भाषेने हाडांची मोठी कदर केलेली आहे. एखादा माणूस आपल्या कामाशी एकरूप झाला की आपण त्याला हाडाचा शेतकरी किंवा हाडाचा शिक्षक म्हणतो. कोणी जन्मभर राबला तर त्याने हाडांची काडे केली म्हणतो. एखादी सवय सुटेनाशी झाली की ती हाडीमाशी खिळली म्हणून तिचा नाद सोडून देतो. भाषेच्या दृष्टीने हाड म्हणजे माणसाचा गाभा, त्याच्यातले न बदलणारे, टिकाऊ असे काही. संसारात मात्र हाडांची आठवण दोनच प्रसंगी होते, ती मोडतात तेव्हा आणि दुखतात तेव्हा. एरवी रक्त कमी झाले, पित्त वाढले, साखर वाढली याची चर्चा घरोघर चालते. हाडे बिचारी मुकाट्याने उभी असतात.

या सदरात आजवर आपण भाषा, सणवार, मुलांचे शिक्षण यांविषयी बोलत आलो. आज थोडी वेगळी वाट धरतो आहे. मी वैद्य नव्हे. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेला आणि सरकारी शाळेत उभी हयात घालवलेला मनुष्य आहे. परंतु हा विषय पुस्तकातून नव्हे, तर शाळेच्या जिन्यावरून माझ्यापर्यंत चालत आला. 'चालत' हा शब्दही येथे जपूनच वापरला पाहिजे, कारण अडचण नेमकी चालण्याचीच होती.

पांडेसऱ्याची ओळख सुरतेबाहेरच्या वाचकांना करून देणे आवश्यक आहे. उधना स्थानकाच्या दक्षिणेला कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या गिरण्यांची औद्योगिक वसाहत, लूमचे कारखाने आणि त्यांच्या भोवताली दाटलेल्या कामगारांच्या सोसायट्या, असा हा भाग. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेली माणसे येथे आहेत, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्या काठाकाठाने आलेले आपले खानदेशी लोकही मोठ्या संख्येने आहेत. गल्लीत मराठीपेक्षा अहिराणी अधिक ऐकू येते. खोल्या बारा बाय पंधराच्या, समोरासमोर भिंती, मधल्या बोळात दुपारी बारालासुद्धा दिवा लावावा लागेल असा अंधार. पुरुष बारा तासांच्या पाळीत. आठवडाभर रात्रपाळी असली की तो आठवडा दिवसा झोपण्यात जातो. बायका घरी बसून साड्यांचे धागे कापतात, खडे चिकटवतात, लेस लावतात. कामाचा गठ्ठा सकाळी घरात येतो आणि संध्याकाळी जातो. गठ्ठा तेवढा उन्हातून जाऊन येतो. बाई घरातच असते.

अशाच एका आठवीतल्या मुलीची आई पालकसभेला आली होती. वय फार तर बत्तीस-तेहतीस. आमचे कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे. ती कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर थांबत, डुलत डुलत वर आली. मी म्हटले, "ताई, खालीच थांबायचे होते, मी आलो असतो." ती म्हणाली, "सर, पाय धड हायेत. नुसता जोर नाही. खाली बसले का उठता येत नाही." तीन वर्षे तिच्यावर वाताचे, सांधेदुखीचे, अशक्तपणाचे उपचार चालले होते. सलाईने झाली, लाल गोळ्या झाल्या, एका दवाखान्याने तर हा मनाचा आजार असल्याचे सांगितले. अखेर एका समंजस डॉक्टरांनी रक्ताची तपासणी केली, तेव्हा 'ड' जीवनसत्त्व जवळजवळ नाहीसेच झालेले आढळले. हाडांतला चुना उणावून ती मऊ पडली होती. लहानपणी होतो तो मुडदूस आणि मोठेपणी होते ती ही अस्थिमृदुता, या सख्ख्या बहिणी आहेत. कंबर, जांघा, बरगड्या येथे बोथट ठणका, मांड्यांतील जोर जाणे आणि बदकासारखी डुलती चाल ही तिची लक्षणे. योग्य उपचार मिळाला की सुधारणा काही आठवड्यांत दिसू लागते. ही बाईही पुढच्या सत्रात जिना सरळ चढून आली.

तिच्या बाबतीत घरच्यांचा पहिला प्रश्न असा होता, की 'आम्ही तर पोटभर खातो, मग हे कसे?' या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात, आणि तेही सुरतेपासून फार दूर नसलेल्या नाशकात शोधले गेले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

पहिल्या महायुद्धानंतरच्या त्या काळात युरोपातील वैद्यकशास्त्रात मुडदुसावरून मोठा वाद चालू होता. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून १९१९ च्या सुमारास दाखवून दिले होते, की हा रोग आहारातील दोषाने होतो आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने बरा होतो. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदुसाच्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरे केले. एक पक्ष म्हणे अन्न, दुसरा म्हणे प्रकाश. अशा वेळी एच. एस. हचिसन आणि एस. जे. शहा या दोघांनी नाशिक भागातील घरे पाहिली आणि १९२२ मध्ये आपला निबंध इंग्लंडच्या एका वैद्यकीय त्रैमासिकात प्रसिद्ध केला. त्यांना जे आढळले ते रूढ समजुतीच्या नेमके उलट होते. ज्या सुखवस्तू घरांत दूधदुभत्याला तोटा नव्हता, परंतु पडद्याची चाल कडक होती, तेथील तान्ही मुले आणि तरुण स्त्रिया मुडदुसाने पछाडलेल्या होत्या. आणि ज्यांच्या ताटात धान्याशिवाय फारसे काही पडत नव्हते, अशा कष्टकऱ्यांची मुले मात्र त्यातून सुटत होती, कारण आई शेतावर गेली की मूलही तिच्याबरोबर उघड्यावर, उन्हात असे. एकाच गावात, एकाच आकाशाखाली हा फरक होता. श्रीमंतांची मुले वाड्याच्या आतल्या खोलीत वाकड्या पायांची होत होती आणि मजुरांची बांधावर सरळ वाढत होती.

मला या निबंधाचे महत्त्व असे वाटते, की त्याने अन्नपक्षाला खोटे पाडले नाही. त्याने वादाची मांडणीच बदलली. पुढे उलगडले ते असे: चुना, म्हणजे कॅल्शियम, अन्नातूनच यावा लागतो, पण तो आतड्यातून रक्तात शिरण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व लागते, आणि ते जीवनसत्त्व आपली कातडी उन्हात स्वतः तयार करते. 'ड' पुरेसे असेल तर खाल्लेल्या कॅल्शियमचा तीस ते चाळीस टक्के भाग अंगी लागतो; नसेल तर जेमतेम दहा ते पंधरा टक्के. म्हणजे दाराशी माल येऊन पडला, पण कुलूप उघडणारे कोणी नाही, अशी स्थिती. नाशिकच्या वाड्यांत माल होता, किल्ली नव्हती. आमच्या पांडेसऱ्यात मालही थोडा आणि किल्लीही हरवलेली.

हाड म्हणजे दगडविटांची भिंत अशी आपली समजूत असते. चरकाने शरीरात तीनशे साठ हाडे मोजली, सुश्रुताने तीनशे. आजची गणना दोनशे सहा आहे. दात, नखे, कूर्चा मोजायच्या की नाही यावरून हा फरक पडतो, त्यात चूक कोणाचीच नाही. परंतु आयुर्वेदाने अस्थी हा सात धातूंपैकी एक मानला आणि तो अन्नरसापासून क्रमाने तयार होतो असे सांगितले, ही दृष्टी मार्मिक होती. हाड हा जिवंत पदार्थ आहे. त्यात जुने पोखरणारे आणि नवे रचणारे असे दोन प्रकारचे कामगार अखंड राबत असतात, आणि प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी नवा होतो. शरीरातील एकूण कॅल्शियम साधारण एक किलोच्या आसपास, आणि त्यातले नव्याण्णव टक्के हाडांत व दातांत असते. उरलेला एक टक्का मात्र रक्तात आणि पेशींत राहून हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, रक्ताचे साकळणे ही कामे पाहतो. रक्तातले हे प्रमाण कमी पडू लागले की गळ्यातील परावटू ग्रंथी हाडांतून उसनवार काढतात. ताटातून भरणा झाला नाही तरी हृदय थांबत नाही. हाड रिते होते. म्हणूनच हा रोग वर्षानुवर्षे कळत नाही.

आणि या ठेवीला मुदत आहे. मुलीच्या अठराव्या आणि मुलाच्या विसाव्या वर्षापर्यंत आयुष्यातील सर्वाधिक अस्थिसंचयाचा नव्वद टक्के भाग साचून झालेला असतो. तिशीपर्यंत थोडी भर पडते. पुढे जपणूक तेवढी हाती राहते. स्त्रियांच्या बाबतीत तर पाळी गेल्यानंतरची पाच-दहा वर्षे हाडांची झीज फार वेगाने होते. आज्या पोक काढून चालत, न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडले की पुन्हा अंथरुणातून उठत नसत, ते आपण म्हातारपणाच्या खात्यावर टाकले. पण त्याची सुरुवात त्यांच्या परकर-पोलक्याच्या वयात झालेली असे. तेव्हा मुलींच्या शाळेतील डब्यात काय आहे हा प्रश्न पन्नास वर्षांनंतरच्या खुब्याचा प्रश्न आहे. मला मुख्याध्यापक म्हणून यात नाक खुपसावेसे वाटते ते यासाठी.

आता ताटाकडे वळू. आमच्या भागातील एका सर्वसाधारण गृहिणीचा दिवस मी वहीत मांडून पाहिला. तीन कप चहा, त्यात मिळून पिशवीचे दूध सव्वाशे मिलिलिटर. गव्हाच्या पिठाच्या पोळ्या, पीठ दोनशे ग्रॅम. तांदूळ शंभर ग्रॅम. तुरीची डाळ चाळीस ग्रॅम. बटाट्याची किंवा वांग्याची भाजी. संध्याकाळी चहाबरोबर खारी किंवा टोस्ट. दुधाचे सुमारे दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम, पिठाचे सत्तर-ऐंशी, तांदळाचे दहा, डाळीचे तीस, भाजीचे तीसच्या आसपास. बेरीज तीनशे मिलिग्रॅमच्या घरात जाते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेले प्रमाण प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी दिवसाला एक हजार मिलिग्रॅम आहे, आणि पाळी गेलेल्या स्त्रीसाठी बाराशे. पोट भरले, तीन भाग रितेच राहिले. वर या बाईच्या ताटात सर्वांचे झाल्यावर उरलेले पडते, दूध मुलांना आणि दही पाहुण्याला जाते, हा हिशेब तर मी धरलेलाच नाही. 'सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण' ही म्हण गुजरातेत प्रसिद्ध आहे. ते सुरतेचे जेवण शहराच्या जुन्या पेठांतून पांडेसऱ्यापर्यंत यायचे राहून गेले असावे.

यावर आपल्यातील बुजुर्ग मंडळींचे ठरलेले उत्तर असते, की भाकरी सोडली म्हणून हाडे गेली. हे अर्धेच खरे आहे, आणि गावाकडच्या आठवणीने गळा दाटून येतो म्हणून ते पुरते खरे मानण्याचे कारण नाही. ज्वारीत शंभर ग्रॅमला पंचवीस-तीस मिलिग्रॅमच कॅल्शियम असते, म्हणजे गव्हाहून जास्त नव्हे. ज्वारीचे गुण दुसरे आहेत. खरी गोष्ट अशी, की भाकरी कधी एकटी येत नसे. ती कळण्याची असली तर ज्वारीबरोबर सालासकट उडीद दळलेला असे, आणि उडदात कॅल्शियम दीडशेच्या आसपास आहे. तिच्याबरोबर मेथी, शेवग्याचा पाला, तिळाची चटणी, ताक येई. आणि ती खाणारी बाई दिवसभर शेतात निंदणी करीत असे. गाव सोडताना आपण भाकरी तेवढी मागे टाकली असे नव्हे. तिचा सारा गोतावळा मागे राहिला, आणि ऊनही.

खरा बलवान दाणा म्हणजे नागली, कोकणात जिला नाचणी म्हणतात ती. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम इतर कोणत्याही नित्याच्या धान्यात नाही. आमच्या शेजारच्या डांगच्या डोंगरात आदिवासी शेतकरी ती पिढ्यान्‌पिढ्या पिकवीत आले आहेत. नागलीचे पापड सुरतेच्या बाजारात सहज मिळतात; पीठ मात्र आपल्या घरात येत नाही, कारण ती गरिबांची, काळी भाकरी अशी तिची अपकीर्ती. आता तीच नागली बिस्किटांच्या चकचकीत पुड्यांत शहरात परत आली आहे, आणि तेथे मैदा-साखरेच्या संगतीत चौपट भावाने विकली जाते. हा दैवदुर्विलास म्हणावा, दुसरे काय?

परंतु तक्त्यातील आकडा म्हणजे पोटात गेलेला आकडा नव्हे, हे येथे थांबून सांगितले पाहिजे. धान्यांच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो कॅल्शियमला बांधून ठेवतो. विसाव्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय-पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस आणि अस्थिमृदुता वाढलेली दिसली, तेव्हा तेथील संशोधकांनी पहिला संशय आपल्या चपातीवरच घेतला होता. चपातीचा दोष काही अंशी होता. पण तीच चपाती पंजाबच्या शेतात खाणारे धडधाकट होते. ग्लासगोच्या ढगाळ आकाशाखाली तिचा दोष उघडा पडला. आज वाटते, की सुरतेच्या लख्ख उन्हाखाली आपण आपल्या बोळांत एक छोटे ग्लासगो उभे केले आहे.

फायटेटवर उपाय आपल्या स्वयंपाकघरात फार पूर्वीपासून आहे. धान्य भिजवले, मोड आणले, आंबवले की ते कमी होते. नागलीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करणे, रात्री पीठ ताकात कालवून सकाळी आंबील शिजवणे, कुळीथ-मटकी मोड आणून उसळ करणे, हे ज्या कोणी प्रथम शोधले त्यांना फायटेटचे नाव ठाऊक नव्हते, पण काम ठाऊक होते. पालेभाज्यांत मात्र निवड हवी. पालक आणि माठ यांच्यात ऑक्झलेट फार. त्यांतले कॅल्शियम बहुतेक तसेच बाहेर जाते. मेथी आणि शेवग्याचा पाला या बाबतीत उजवे. तिळाची कीर्तीही थोडी तपासून घ्यावी. शंभर ग्रॅमला हजार-बाराशे मिलिग्रॅम हा आकडा सालीसकट तिळाचा. त्यातला बराच भाग सालीतच, तोही ऑक्झलेटशी बांधलेला, आणि संक्रांतीला आपण आणतो ते पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ तर साल काढलेले असतात. तीळ खाऊ नयेत असे नव्हे. तिळगुळाच्या दोन वड्यांवर वर्षाचा हिशेब चुकता होत नाही, इतकेच.

दूध, दही, ताक यांतील कॅल्शियम मात्र सहज अंगी लागते. दुधाने पोट बिघडते अशी ज्यांची तक्रार असते, त्यांना दही बहुधा सोसते. वर मांडलेल्या त्या गृहिणीच्या दिवसात एक वाटी दही, साठ ग्रॅम पिठाची एक नागलीची भाकरी, शंभर ग्रॅम मेथीची भाजी आणि दोन चमचे सालीच्या तिळाची चटणी एवढी भर घातली, तर तक्त्यावरची बेरीज हजाराला टेकते. यातले दहीच काय ते महाग.

चुन्याविषयी मला हमखास विचारले जाते. पानाला लावतात तो चुना म्हणजे कॅल्शियमच नव्हे काय? आहे. परंतु तो दाहक आहे. तोंडाची आणि अन्ननलिकेची आतली कातडी त्याने भाजते, आणि आपल्या पुरुषवर्गाच्या बाबतीत तो तंबाखूबरोबर जातो. तंबाखू हाडे पोखरते आणि तोंडाचा कर्करोग घडवते. रोज गव्हाएवढा चुना खा म्हणून मोबाइलवर फिरणारे सल्ले वाचून आपल्या आयाबहिणींनी डबी उघडू नये. फार मीठही हाडांना मारक, कारण मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियम वाहून जाते. मधल्या सुट्टीत मुले फाटकाबाहेरून जी खारट-तिखट पाकिटे आणतात, त्यांचा विचार या बाजूने कोणी करीत नाही. आणि डाळ, अंडी, मासे यांतील प्रथिने हवीतच. हाडाचा सांगाडा प्रथिनांच्या जाळीवर उभा असतो, चुना त्या जाळीत भरला जातो.

पाण्याचाही एक अध्याय आहे, तो थोडक्यात सांगतो. विदर्भात चंद्रपूर, यवतमाळकडील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, आणि तेथे हाडे वाकडी व ताठर होण्याचा रोग आढळतो. तेलंगणातील नलगोंडा भाग त्यासाठी प्रसिद्धच आहे. तेथील तरुण मुलांच्या गुडघ्यांत आलेल्या बाकाचे वर्णन राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये केले. ताटात कॅल्शियम कमी असले की फ्लोराइडचे नुकसान अधिक होते. ज्यांच्या गावाकडच्या घरी कूपनलिकेचे पाणी आहे, त्यांनी ते एकदा तपासून घ्यावे.

आता उन्हाकडे येतो, कारण ताट सुधारणे मानाने सोपे आहे. कोवळे ऊन घ्यावे असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सकाळच्या सूर्यनमस्कारांचे गुण अनेक आहेत, पण त्या कोवळ्या उन्हात 'ड' जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. त्यासाठी लागणारे किरण सूर्य बराच वर आल्यावरच जमिनीपर्यंत पोचतात. ओळखण्याची सोपी खूण अशी, की आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली म्हणजे ते ऊन कामाचे. साधारण दहा ते तीनच्या दरम्यानचे. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन चालत नाही; काच ते किरण अडवते. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. हात, पाय, चेहरा उघडा ठेवून आठवड्यातून काही दिवस वीस-तीस मिनिटे, उन्हाळ्यात त्याहून कमी आणि भर दुपार टाळून, एवढे केले तरी सुरतेच्या अक्षांशावर बारा महिने ते पुरू शकते.

याला पुराव्याची जोड पुण्याने दिली आहे. जहांगीर रुग्णालयाशी संलग्न असलेल्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेतील डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील झोपडपट्टीतल्या लहान मुलांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. वस्ती एकच, गरिबी एकच; काही मुले पाळणाघरात जात व तेथे उन्हात खेळत, काही दिवसभर घरातच असत. मुडदुसाचे प्रमाण घरात राहणाऱ्यांत कितीतरी अधिक निघाले. त्याच गटाने कॅल्शियम आणि 'ड' घातलेले लाडू देऊन गरीब घरांतील मुलांवर प्रयोगही केला. लाडवातून औषध देण्याची ही कल्पना मला अस्सल मराठी वाटते. नाशिकच्या निबंधाला आणि या अभ्यासाला जवळजवळ नव्वद वर्षांचे अंतर आहे; त्या वाड्याच्या जागी झोपडी आली एवढाच फरक.

औषधांच्या दुकानात 'ड' जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्या मिळतात. त्या आठवड्याला एक अशा ठरावीक आठवडे, डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्याव्यात. शेजारणीला गुण आला म्हणून रोज एक, अशी पुडी फोडणाऱ्या भगिनी मला माहीत आहेत. हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहते. फार झाले तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतते. उन्हाने असा अतिरेक होत नाही, कारण पुरेसे झाले की कातडी जादा द्रव्य स्वतःच मोडून टाकते.

आमची शाळा दोन पाळ्यांत भरते. सकाळच्या पाळीच्या मुली सातला येतात आणि त्यांचा कवायतीचा तास पहिलाच, सव्वासातला असे. गेल्या सत्रापासून तो शेवटी, साडेअकराच्या सुमाराला घेतला, मार्च ते जून एवढा काळ वगळून. शिक्षकांची कुरकुर झाली. ती अपेक्षित होती. अपेक्षित नव्हते ते पालकांचे येणे. एक आजी नातीला घेऊन आल्या, अमळनेरकडच्या, करारी. म्हणाल्या, "गुरुजी, पोर काळी पडी जाई. उद्या लगीन कोन करी इनासंगे?" मी त्यांना पोषणाचे तक्ते दाखवले नाहीत. विचारले, "आजी, तुम्ही या वयात चार मजले चढून राहता. पोरीच्या वयाच्या असताना कुठे होतात?" म्हणाल्या, "वावरमा. आखो दिन." मग थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. नातीला मात्र त्या दिवशी कवायतीला न बसवताच घरी घेऊन गेल्या. पुढच्या सोमवारी मुलगी रांगेत होती, डोक्याला रुमाल बांधून, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. रुमाल आजीच्या मताखातर असावा. मी त्याविषयी काही बोललो नाही.